उस्मानिया विद्यापीठ : एक उघडे दार, एक बंद दार

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी अकरावी विज्ञानाला शहरातल्या एका कॉलेजात गेली. गणितात हुशार. एके दिवशी सरांनी तिला फळ्यापाशी बोलावले. तिने उदाहरण बरोबर सोडवले, पण समजावून सांगताना घाईत तिच्या तोंडून निघून गेले, ‘मुरब्बे का रकबा’. वर्ग हसायला लागला. उर्दूत चौरसाला मुरब्बा म्हणतात आणि क्षेत्रफळाला रकबा. हसणाऱ्यांना मात्र आवळ्याचा मुरब्बा आठवला. सरही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात बोलली नाही आणि पुढच्या वर्षी विज्ञान सोडून कला शाखेत गेली. तिची आई मला म्हणाली, ‘टीचर, उसको आता नहीं था ऐसा नहीं है.’

मी ही हकिगत शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी हळहळले आणि म्हणाले, ‘उस्मानियाच्या जमान्यात असे झाले नसते. तेव्हा बी.ए., एम.ए., वकिली, डॉक्टरी, इंजिनिअरिंग, सगळे उर्दूत होते.’

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरे आहे. परंतु त्याच जमान्यात दुसऱ्या कोणाची तरी मुलगी किंवा मुलगा फळ्यापाशी असाच गप्प उभा होता, हेही खरे आहे. तो मुलगा आपल्या गल्लीतलाच होता. त्याची भाषा मराठी होती. आज विद्यापीठांत विविधता, समन्याय, समावेशन हे शब्द मोठ्या प्रमाणावर बोलले जातात. ते आपल्यासाठी मागायचे असतील तर आधी ही जुनी हकिगत आपण स्वतः नीट वाचली पाहिजे, असे मला वाटते.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे इंग्रजांनी विद्यापीठे काढली. तिथली उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी. हैदराबाद संस्थानातले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे हैदराबादच्या मुलाने मद्रासची परीक्षा इंग्रजीतून द्यायची. त्यातून पार होणारे थोडेच असत. १९१७ साली सर अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक निवेदन ठेवले. परक्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची शक्ती भाषा पेलण्यातच खर्च होते आणि विषय समजून घ्यायला काही उरत नाही, असा त्याचा आशय होता. निजामाने ते मान्य केले. उर्दू हे शिक्षणाचे माध्यम आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी योजना ठरली. १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये २२५ विद्यार्थी व २५ अध्यापक यांच्यासह वर्ग सुरू झाले.

या धाडसाचे मोल कमी लेखू नये. भारतीय भाषेतून आधुनिक विद्यांचे उच्च शिक्षण देणारे हे या देशातले पहिलेच विद्यापीठ. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनी त्याचे स्वागत केले होते. पुस्तके नव्हती, म्हणून १९१७ सालीच दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते उघडले गेले. त्याची सूत्रे ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हे अब्दुल हक शिक्षणखात्याच्या नोकरीनिमित्त औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला बरीच वर्षे राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभारही ते तिथूनच चालवीत. आपल्या मराठवाड्याच्या मातीत बसून एका माणसाने आख्ख्या हिंदुस्थानच्या उर्दूची उठबस केली, याचा अभिमान वाटतोच. दारुत्तर्जुम्यात जोश मलीहाबादींसारखा शायर नोकरीला होता. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, रसायन, कायदा, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत उतरली. नव्या विषयांना नव्या संज्ञा हव्या होत्या, त्यासाठी समित्या बसल्या. प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी संज्ञा कशा घडवाव्यात यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मी आज सातवीच्या वर्गात ‘कायमतुज्जाविया मुसल्लस’ म्हणून काटकोन त्रिकोण शिकवते, तेव्हा त्या मोठ्या परंपरेचे एक टोक माझ्या हातातल्या खडूत असते.

आता दुसरी बाजू.

१९३१ च्या जनगणनेच्या सुमारास हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या दीड कोटीच्या जवळपास होती. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, सुमारे एक चतुर्थांश मराठी बोलणारे, त्याखालोखाल कन्नड. उर्दू ही ज्यांची मातृभाषा, ते दहांत एक. विद्यापीठ सरकारी होते. त्याचा खर्च सरकारी खजिन्यातून होई आणि त्या खजिन्यात परतूरच्या शेतकऱ्याचा सारा होता, वरंगलच्या रयतेचा होता, गुलबर्ग्याचाही होता. हैदरींनी परक्या भाषेच्या ओझ्याविषयी जे लिहिले, ते मराठी मुलालाही तंतोतंत लागू होते. फरक एवढाच, की त्याच्यासाठी ओझे इंग्रजीचे नव्हते, उर्दूचे होते. आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा असल्याने तेही होतेच. मराठी, तेलुगू, कन्नड हे विषय म्हणून शिकता येत, पण इतिहास किंवा कायदा शिकायचा तर उर्दूतून.

‘हिंदूंना प्रवेश नाही’ असा नियम उस्मानियात कधीच नव्हता. हिंदू विद्यार्थी होते, हिंदू अध्यापकही होते. पैठणचे शंकरराव चव्हाण, जे पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्यांची कायद्याची पदवी उस्मानियाची. दलितांचे नेते बी. श्यामसुंदर औरंगाबादचे, तेही उस्मानियाचेच पदवीधर. तेव्हा कोणी म्हणेल, दार तर सर्वांना उघडे होते. होय, होते. पण उंबरठा एकाला घोट्याएवढा होता आणि दुसऱ्याला गुडघ्याएवढा. जे गुडघ्याएवढा उंबरठा ओलांडून आत आले, त्यांची नावे सांगून तो उंच नव्हताच असे सिद्ध करता येत नाही. आज आपल्यातल्या चार डॉक्टरांची आणि दोन कलेक्टरांची नावे पुढे करून ‘बघा, मुसलमानांना कोण अडवते?’ असे कोणी म्हणाले की आपल्याला राग येतो. तो राग इथेही आठवावा.

सरकारला हे दिसत नव्हते का? त्यामागे काही कारणे होती. १८८० च्या दशकात कारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. कचेऱ्यांची, कोर्टांची भाषा उर्दू असल्याने विद्यापीठाचीही तीच असावी, हे राज्यकर्त्यांना स्वाभाविक वाटले. चार भाषांची चार विद्यापीठे काढण्यापेक्षा एक सोयीचे होते. शिवाय उर्दू ही त्या दरबाराची ओळख आणि प्रतिष्ठा होती. सत्तेवर असलेल्यांना आपली भाषा ही सर्वांचीच भाषा वाटू लागते. इंग्रजांना तसे वाटले, निजामाच्या दरबाराला तसे वाटले आणि पुढेही अनेकांना वाटत आले आहे.

आणखी एक गोष्ट आपण आपसात बोलली पाहिजे. उस्मानियाचे दार ‘मुसलमानांसाठी’ उघडे होते, असे म्हणणेही फार सैल आहे. पैठणचा विणकर, बाजारातला बागवान, तांबोळी, कुरेशी, पिंजारी, यांच्या घरांतून त्या काळी किती मुले विद्यापीठापर्यंत गेली? ज्यांच्या घरात आधीपासून कलम होती, जहागीर होती, नोकरी होती, त्यांची मुले गेली. आपल्यातले बहुतेक लोक दखनी बोलत. तर्जुम्यातली अरबी-फारसी संज्ञांनी भरलेली उर्दू त्यांनाही परकीच. म्हणजे हे दार एका भाषेचे होते आणि त्यातही एका वर्गाचे होते.

उस्मानियाची आर्ट्स कॉलेजची इमारत १९३९ साली पुरी झाली. बेल्जियन वास्तुतज्ज्ञ अर्नेस्ट जास्पर यांनी आराखडा करताना इस्लामी घडणीच्या कमानींबरोबर वेरूळ-अजिंठ्याच्या खांबांची धाटणी तिच्यात आणली. प्रशिक्षणाच्या काळात आमची सहल तिथे गेली होती. त्या खांबांना हात लावून मी बराच वेळ उभी राहिले. वेरूळच्या दगडाला या इमारतीत मानाची जागा मिळाली. वेरूळच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या भाषेला तिथे एका विषयापुरतीच जागा होती.

कोंडी साचली की ती कुठून तरी फुटते. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटर कॉलेजात आणि पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांना काढून टाकले गेले. त्या गीताविषयी आपल्या मनात काय आहे, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मतभेद राहतील. पण विद्यापीठाने आपल्याच मुलांशी बोलायचे सोडून त्यांना रस्त्यावर काढले, हे मान्य करावे लागेल. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. त्यांत पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. एका सार्वजनिक विद्यापीठाने लोटलेली मुले दुसऱ्याने घेतली आणि त्यांच्या मनात उस्मानिया ही ‘त्यांची’ संस्था म्हणून पक्की झाली. त्याची किंमत दहा वर्षांनी आपण मोजली.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाले. रझाकारांच्या जुलमांनी आधीच होरपळलेल्या भागात त्यानंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने मृतांची संख्या किमान २७ हजार ते ४० हजार असावी, असे नोंदवले. सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. या पार्श्वभूमीवर उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजी झाले. तीस वर्षांत उभे केलेले काम थोड्याच काळात बाजूला पडले. त्या वेळी जे मोडलेल्या घरांची मोजदाद करत होते, त्यांना माध्यमाविषयी अर्ज करायला कुठली सवड?

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादामियाँ म्हणायचो, त्या वर्षी उर्दूतून मॅट्रिक झाले होते. पुढच्या वर्षी ते शहरात इंटरला गेले. कालपर्यंत उर्दूत शिकवणारे प्राध्यापक आता इंग्रजी टिपणे वाचून दाखवीत. काही प्राध्यापकांचीही त्रेधा उडे. दादामियाँ नापास झाले आणि गावी परतले. गावात त्यांचा एक जुना दोस्त होता, मराठी शाळामास्तरांचा मुलगा. तो १९४४ साली उर्दू माध्यम झेपले नाही म्हणून शिक्षण सोडून बसला होता. दादामियाँ त्याच्यापुढे रडले, तेव्हा तो म्हणाला, ‘अरे, चार वर्षांमागं मी हितंच रडत होतो. तू म्हणला होतास, थोडा जोर लाव, येईल उर्दू.’

हे सांगताना दादामियाँ नेहमी थोडे थांबत आणि म्हणत, ‘बेटा, उस दिन मेरेकू समझा.’ पुढे कचेरीतले उर्दू सातबारे, खासरे, जुने दस्तऐवज लोकांना मराठीत करून देणे, यावर त्यांनी संसार चालवला. तो दोस्त त्यांना मराठी लिहायला शिकवी, आणि दादामियाँ त्याला कागदांतली उर्दू वाचून दाखवीत. आमच्या घरचा दारुत्तर्जुमा तो एवढाच.

या इतिहासात आणखी एक दार उघडले, त्याची आठवण झाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हे ठिकाण निवडले. नुसते वर्ग उघडून गरिबाचा मुलगा येत नाही, त्याला राहायला जागा आणि जेवायला भाकरी लागते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून कॉलेजाबरोबर वसतिगृहे आली. समन्याय म्हणजे काय, याचा इतका साधा आणि पक्का धडा मला बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. १९५३ च्या जानेवारीत उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. मराठवाड्याची मुले उस्मानियाच्या छत्राखालून निघून आपल्या विद्यापीठात आली. मराठी मुलाला चाळीस वर्षे उशिरा का होईना, आपले दार मिळाले. १९६३ साली डॉ. रफिक झकेरियांनी त्याच शहरात मौलाना आझाद कॉलेज उभे केले आणि आपल्या मुलामुलींची सोय झाली.

पण मग ‘आपले’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न या विद्यापीठालाही चुकला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, आणि तेही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार होऊन. निजामाच्या विद्यापीठात आपल्याला जागा नव्हती, ही तक्रार करणाऱ्या समाजातल्याच काहींना दुसऱ्यासाठी थोडे सरकणे इतके जड गेले. आणि आपण? त्या सोळा वर्षांत आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, की नुसतेच दुकानाचे अर्धे शटर ओढून बसलो होतो, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

आता आपल्या काळाकडे येऊ. २००६ साली सच्चर समितीने सांगितले की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे १ आणि पदव्युत्तरच्या ५० मागे १ मुसलमान आहे. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातल्या समन्यायासाठी विनियम आणले. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. कोणत्या कारणांवरून भेदभाव होऊ नये, त्या यादीत जात आणि धर्माबरोबर भाषाही होती. २०१४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने मुसलमानांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते आरक्षण रोखण्यास नकार दिला. पण अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही.

या मागण्या केल्याच पाहिजेत. टक्क्यांशिवाय दार उघडत नाही, हे मिलिंदच्या आणि मंडलच्या अनुभवाने आपण शिकलो आहोत. पण आमची ती मुलगी दाराबाहेर नव्हती. तिला प्रवेश मिळाला होता, गुणांवर मिळाला होता. ती आत जाऊन गप्प झाली. तिला हवे होते पहिल्या सहामाहीत कोणी तरी सांगणारे, की मुरब्बा म्हणजे चौरस, मुसल्लस म्हणजे त्रिकोण, आणि रकबा म्हणजे तेच जे तू उत्तम काढतेस. हे काम सरकारी कक्षाने करावे, असे आपण म्हणू. जरूर म्हणू. पण आधी माझ्या शाळेने केले काय, हेही मला विचारावे लागले. आमच्या शाळांत मराठी हा सक्तीचा विषय आहे, तरी तो आम्ही बऱ्याचदा पास होण्यापुरताच शिकवतो. शिक्षक रजेवर असला की पहिला तास मराठीचा बुडतो. उर्दूवरचे आमचे प्रेम सिद्ध करायला मराठीकडे दुर्लक्ष करावे लागते, असा एक विचित्र समज आमच्यात आहे. दरबाराची जी चूक होती, तिचे लहान रूप आमच्याच वेळापत्रकात लपलेले आहे.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून दहावीच्या मुलांबरोबर मी एक वही करते आहे. पानावर तीन रकाने आखलेले. एकात उर्दू संज्ञा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत. मुले आपल्या पुस्तकातून संज्ञा काढतात. शेजारच्या मराठी शाळेतले एक शिक्षक आम्हाला मराठी रकाना तपासून देतात आणि बदल्यात त्यांच्या शेतीचे जुने उर्दू कागद मी वाचून देते. दादामियाँ असते तर या सौद्यावर हसले असते.

हैदराबादच्या दारुत्तर्जुम्यामागे खजिना होता आणि राजाश्रय होता. आमच्याकडे शंभर पानी वही आहे. पण त्या दारुत्तर्जुम्यात एका बाजूने रस्ता होता, जगातले ज्ञान उर्दूत आणायचा. उर्दूतल्या मुलाला मराठीत नेणारा आणि मराठीतल्या मुलाला उर्दूत आणणारा रस्ता तिथे कोणी बांधला नाही. तो बांधला असता तर १९३८ आणि १९४८ टळले असते, असा दावा मी करत नाही. इतिहास एवढा सोपा नसतो. मात्र माझ्या आजोबांचे आणि त्यांच्या दोस्ताचे शिक्षण कदाचित अर्ध्यावर सुटले नसते.

ती मुलगी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली होती, तेव्हा मी तिला वही दाखवली. तिने सगळी पाने उलटून पाहिली, दोन ठिकाणी आमची चूक काढली आणि विचारले, ‘टीचर, ये पहले क्यूँ नहीं बनाए?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. वाचकांपैकी जे उर्दू शाळांत शिकवतात, त्यांच्याकडे तरी हा प्रश्न विचारला जाऊ नये, म्हणून हे सारे लिहिले.